रिमवर्ल्ड : माणशी एक बेडरूम की सगळ्यांना मिळून एक हॉल?

पारसिकपार
नमस्कार मंडळी. इथे रिमवर्ल्ड खेळणारे बरेच जण आहेत हे परवा क्रिकेटच्या धाग्यावर कळलं, म्हणून तिथे अजून अवांतर न करता हा वेगळा धागा काढतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: यान कोसळून तीन माणसं कुठल्यातरी ग्रहावर येऊन पडतात, त्यांना जगवायचं, शेती करायची, घरं बांधायची, अधूनमधून दरोडे पडतात ते परतवायचे. आणि प्रत्येकाला मूड असतो, तो खाली गेला की माणूस बिथरतो.

तर माझी वसाहत बोरियल फॉरेस्टमध्ये (थंड प्रदेशातलं जंगल) आहे, संकटं पाठवणारी ‘कथाकार’ म्हणून कॅसॅन्ड्रा लावलीय. पहिला हिवाळा सगळ्यांनी एकाच लांबड्या लाकडी बॅरेकमध्ये काढला आणि तोवर कोणाची तक्रार नव्हती कारण जिवंत राहणं हेच खूप होतं. आता नऊ जण झालेत. एक जण रात्री उशिरा येतो, एक पहाटे उठते, येताजाता बाकीच्यांची झोपमोड, सकाळी बघावं तर निम्म्या लोकांच्या नावापुढे ‘डिस्टर्ब्ड स्लीप’. काल स्वयंपाकीणबाईंचं डोकं फिरलं आणि त्या फ्रीझरमध्ये जाऊन हिवाळ्यासाठी ठेवलेलं जेवण एकट्या चेपत बसल्या.

आता प्रत्येकाला स्वतंत्र खोली द्यायचं ठरवलंय. पण किती मोठी? ३ बाय ३ टाइल (खेळातले चौकोन) पुरते का? ४ बाय ४? यूट्यूबवर एक जण ५ बाय ५ च्या खाली बोलायलाच तयार नाही. माझं स्वतःचं मत, निदान खेळात तरी माणसाला ऐसपैस जागा द्यावी. पण नऊ खोल्यांचा दगड कापायचा म्हणजे दोन सीझन त्यातच जाणार. तुम्ही कसं करता?

निशाचर_नेरुळ
३ बाय ३. पलंग, दार, दिवा. विषय संपला. झोपायलाच जातात ना तिथे?

खारी_बटर
निशाचर, तुम्ही बिल्डर आहात का हो?

घोडबंदर_जाम
माझं उलट म्हणणं आहे, बेडरूमवर इतका जीव काढूच नका. एक मोठा हॉल बांधा, त्यातच जेवणाची टेबलं, त्यातच बुद्धिबळाचा पट, हॉर्सशू, पुढे टीव्ही. माणूस तिथे जेवला की चांगल्या डायनिंग रूमचा मूड मिळतो, तिथेच खेळला की चांगल्या रेक रूमचाही (करमणुकीची खोली) मिळतो, दोन्ही वेगवेगळे धरले जातात. म्हणजे एकाच खोलीवर खर्च करून नऊच्या नऊ जणांना दुप्पट फायदा. बेडरूम कितीही सजवली तरी ती एकाचीच, जोडपं असेल तर दोघांची. नऊ खोल्यांत नऊ पुतळे ठेवण्यापेक्षा हॉलमध्ये दोन मोठे ठेवा की.

आणि ते पहिल्या वाक्यातलं ‘टेबलाशिवाय जेवला’ चं मायनस ३ कोणाला येत असेल तर आधी ते बघा. खोल्या नंतर.

पारसिकपार
@घोडबंदर_जाम पहिल्या वाक्यात टेबलाचं काही नव्हतं. पण हॉलचा मुद्दा पटला. टेबल आहे, खुर्च्या कमी पडतात.

आकडेवाली_ऐरोली
थांबा, यात अंदाजपंचे काही नाहीये, सगळा हिशेब ठरलेला आहे. जरा लांब लिहिते.

खोलीचा जो इम्प्रेसिव्हनेस दिसतो तो चार गोष्टींवरून निघतो. खोलीतल्या वस्तूंची किंमत, सौंदर्य, मोकळी जागा आणि स्वच्छता. किमतीला १५०० ने भागायचं, सौंदर्याला ३ ने, जागेला १२५ ने. स्वच्छतेचं असं आहे की खोली नुसती स्वच्छ असली की पूर्ण १ मिळतो, त्याहून चकचकीत केली तर वरचं काही मिळत नाही, घाण असली तर मात्र कापतात. म्हणून बेडरूमला स्टराइल टाइल घालणं म्हणजे स्टील आणि चांदी वाया, ती ऑपरेशनच्या खोलीसाठी ठेवा. मग या चार आकड्यांची सरासरी काढतात, पण निकालात सरासरीला ६५ टक्के वजन आणि जो आकडा सगळ्यात लहान त्याला एकट्याला ३५ टक्के. १ च्या पुढे गेलं की वाढ मंदावत जाते, म्हणजे सोन्याचा पुतळा ठेवून बाकी खोली भकास ठेवली तर काही जमत नाही.

आता जागा. रिकामी टाइल १.४ धरतात आणि ज्या टाइलवरून जाता येतं पण उभं राहता येत नाही ती ०.५. ४ बाय ४ खोली अगदी ओसाड धरली तरी २२.४ होतात, १२५ ने भागले तर ०.१८. पलंग टेबल टाकल्यावर ०.१५ च्या आसपास. ५ बाय ५ सामानासकट ०.२५ धरा. दोन्हीकडे बाकी तिन्ही गोष्टी पूर्ण १ आहेत असं समजून हिशेब केला तर ४ बाय ४ ला साधारण ५६ येतात आणि ५ बाय ५ ला ६२. आणि ५० ते ६५ ही एकच पायरी आहे! दोन्हीकडे झोपणाऱ्याला प्लस ३ च मिळणार. पुढची पायरी ६५ ला, ती ६ बाय ६ ला गाठता येते, तेव्हा प्लस ४. म्हणजे खोली दुपटीहून मोठी केली आणि मिळाला काय तर एक पॉइंट.

यूट्यूबवाल्याला विचारा त्याने हे करून बघितलंय का.

खारी_बटर
आकडेवाली ताई तुम्ही दिवसा पण हेच करता ना? एक्सेलमध्ये?

आकडेवाली_ऐरोली
हो, फक्त तिथे प्लस ३ मिळत नाही.

घोडबंदर_जाम
तो १.४ आणि ०.५ चा नियम वाचून गहिवरून आलं. आमच्याकडे २०१६ चा रेरा कायदा आला तेव्हा कुठे कार्पेट एरिया म्हणजे नक्की काय ते लिहून ठेवलं गेलं, त्याआधी जो तो आपल्या मनाने सुपर बिल्टअप सांगायचा, त्यात जिना लिफ्ट लॉबी सगळं आलं. पण रेरानेसुद्धा पलंग टाकल्यावर किती जागा उरते ते विचारलेलं नाही. आमच्या ब्रोशरमध्ये जी ‘मास्टर बेडरूम’ आहे तिच्यात पलंग लावला की कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं. त्या कपाटात काय आहे ते आम्ही चाचपून ओळखतो. रिमवर्ल्डच्या भाषेत ‘रादर टाइट’.

तलावपाळी
@घोडबंदर_जाम सरकतं दार करून घ्या.

घोडबंदर_जाम
सुतार म्हणाला जागा नाही.

निशाचर_नेरुळ
आकडेवाली यांचा हिशेब बरोबर आहे पण सुरुवातीच्या वसाहतीत खोलीत १५०० ची वस्तू कुठून येणार? गरीब खोलीचा हिशेब करा ना. लाकडी पलंग, एक कुंडी, बस.

आकडेवाली_ऐरोली
@निशाचर_नेरुळ हा मुद्दा चांगला आहे. समजा किंमत ५०० आणि सौंदर्य १ आहे, म्हणजे दोन्ही ०.३३. मग ४ बाय ४ ला ३५ च्या आसपास येतात, ५ बाय ५ ला जेमतेम ४०. आणि ४० ला ‘डीसेंट’ सुरू होतं, प्लस २. म्हणजे गंमत बघा, गरिबाच्या खोलीत जागा वाढवल्याचा फायदा होतो आणि श्रीमंताच्या खोलीत तीच जागा वाढवून काही फरक पडत नाही. पण तो ४० अगदी काठावरचा आहे, कोणी चिखलाचे पाय घेऊन आलं की गेला. त्यापेक्षा ४ बाय ४ च ठेवून जमिनीला लाकडाऐवजी फाइन स्टोन टाइल आणि एक छोटा पुतळा, असं करत गेलं तर बरं. भिंतींचं सौंदर्यही खोलीत धरतात हे बरेच जण विसरतात.

आणि पुतळा छोट्या खोलीत जास्त उठून दिसतो, म्हणजे आकड्यातही. सौंदर्याची बेरीज जागेने भागतात, मोठ्या खोलीत तोच पुतळा विरून जातो.

तलावपाळी
डोंगर असेल तर मी एकही वीट लावत नाही. आत कोरत जायचं आणि मग भिंती जमीन दोन्ही स्मूद करून टाकायच्या. सामान शून्य लागतं, फक्त वेळ लागतो, आणि दिसायला संगमरवराच्या तोडीचं. पावसाळ्यात आग लागायची भीती नाही, उन्हाळ्यात गारवा. माझ्या सगळ्या वसाहती अशाच.

निशाचर_नेरुळ
आणि मग रात्री बेडरूमच्या मधोमध किडे निघतात.

तलावपाळी
हो तर निघतात. ओव्हरहेड माउंटन म्हणजे डोंगराच्या जाड छपराखालीच निघतात, कडेच्या पातळ छपराखाली नाही. म्हणून खोल्या डोंगराच्या कडेला आणि आत गोदाम. गोदामात निघाले तर निघू देत, तांदूळ ओरडत नाहीत.

खारी_बटर
‘तांदूळ ओरडत नाहीत’ 😂 हे टी-शर्टवर पाहिजे

मुठेकाठी
पुण्याहून हजेरी. आमच्या वसाहतीत दुपारी १ ते ४ सगळ्यांच्या वेळापत्रकात झोप टाकलेली आहे. मूड उत्तम आहे, दरोडेखोरांनाही वेळ माहीत आहे.

खारी_बटर
वाटच बघत होतो कधी येताय. दारावर पाटी लावली की नाही?

मुठेकाठी
पाटीचा मॉड आहे बहुतेक. शोधतो.

बेलापूरकर_जुने
नमस्कार. मी हा खेळ खेळत नाही, माझ्या भाच्याने दुवा पाठवला आणि मी सगळं वाचून काढलं. नोकरीत आयुष्यभर घरांचे नकाशेच काढले, त्यामुळे राहवलं नाही. आगाऊपणा वाटला तर सोडून द्यावे.

आपण सगळे खोली केवढी हे विचारताय. खोलीच्या बाहेर काय आहे हे कोणी विचारलेलं नाही. इथे सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज आहे, चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी ऐंशीच्या दशकात केलेलं. त्यात सात घरांचा एक गट, मध्ये सुमारे आठ मीटर बाय आठ मीटरचं सामाईक अंगण. असे तीन गट मिळून पुन्हा एक मोठी मोकळी जागा, असं ते वाढत जातं. प्लॉट लहानच, ४५ ते ७५ चौरस मीटरच्या मधले. पण खरी खुबी अशी की प्रत्येक घर सुटं. शेजाऱ्याच्या घराशी भिंत जोडलेली नाही. का, तर आज एक खोली आहे, उद्या मुलगा मोठा झाला, हातात पैसे आले, तर ज्याने त्याने आपल्या बाजूने वाढवावं, शेजाऱ्याची भिंत फोडायची वेळ येऊ नये. आणि लोकांनी वाढवलीच. आता तिथे गेलात तर मूळ उतरत्या छपरांची घरं शोधावी लागतात, बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मजले चढलेत. काही मंडळी त्याबद्दल हळहळतात. मला तसं वाटत नाही, वाढवण्यासाठीच तर केली होती.

तर पारसिकपार, तुमच्या नऊ जणांचे पुढे अठरा होणार असतील तर आजच चिकटून खोल्या बांधू नका एवढंच म्हणतो.

पारसिकपार
काका, आगाऊपणा कसला, धाग्यातला आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे हा. मी एका ओळीत नऊ खोल्या, मध्ये सामाईक भिंती, समोर कॉरिडॉर असंच काढलं होतं कागदावर. उद्या एकाची खोली वाढवायची तर खरंच शेजाऱ्याची भिंत पाडावी लागणार. अंगणाचा आणखी एक फायदा, खेळात माणसांना ‘आउटडोअर्स’ ची गरज असते, सारखं छपराखाली राहिलं की कुरकुरतात. झोपायला जाता-येता अंगणातून गेले तर ते आपोआप भागेल.

आकडेवाली_ऐरोली
काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून एक शंका. बेलापूर आणि बोरियल फॉरेस्ट यात तापमानाचा फरक आहे 🙂 सुटी घरं म्हणजे चारही भिंती बाहेर, उष्णता चारही बाजूंनी जाणार. एका ओळीत असतील तर मधल्या खोल्या एकमेकींना ऊब देतात. नऊ सुट्या घरांना नऊ हीटर लागतील, ओळीत असतील तर व्हेंट (भिंतीतला झरोका) टाकून तीन-चारात भागेल. नवी मुंबईत कोणी हिवाळ्यात मेलेलं नाही.

बेलापूरकर_जुने
ताई, रास्त शंका आहे. थंड मुलखात दाट वस्तीच करतात. तुमच्या खेळात भिंत जाड केलेली चालते का?

आकडेवाली_ऐरोली
चालते काका. दुहेरी भिंत केली की उष्णता हळू जाते. दगड दुप्पट लागेल तेवढाच.

तलावपाळी
आणि अंगणात आकाशातून पडणाऱ्या ड्रॉप पॉडमधून दरोडेखोर उतरतात ते वेगळंच. कोरिया साहेबांना हा त्रास नव्हता.

खारी_बटर
आर्टिस्ट व्हिलेजमध्ये शनिवारी प्री-वेडिंग शूटवाले उतरतात, साधारण तेच.

निशाचर_नेरुळ
अंतराचा अजून एक फायदा कोणी सांगितला नाही, आग. लाकडी खोल्या एकमेकांना चिकटून असतील तर एक पेटली की ओळ जाते. पारसिकपार, तुमची बॅरेक लाकडी आहे म्हणालात, तिच्या बाजूचं गवतही काढून टाका, जमिनीवर कसलीही फरशी घातली तरी गवत उगवत नाही.

सानपाडा_स्लो
मी उन्हाळी प्रदेशात खेळते त्यामुळे माझं दुखणं उलट. माणसांना अंगावर काही नसताना साधारण १६ ते २६ डिग्री सोसतं, त्यावर गेलं की झोपेतसुद्धा मूड जातो. एका कूलरला ९० स्टील आणि ३ कंपोनंट (यंत्राचे सुटे भाग). नऊ खोल्यांना नऊ कूलर म्हणजे २७ कंपोनंट, तेवढ्यात बंदुका होतील. म्हणून मी दोन खोल्यांमध्ये व्हेंट टाकते, व्हेंटला नुसतं स्टील लागतं. आणि कूलरची गरम बाजू छप्पर नसलेल्या जागेत काढा, कॉरिडॉरमध्ये नको, नाहीतर आत गार आणि दार उघडलं की भट्टी. आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये सगळ्यांच्या एसीची आउटडोअर युनिटं आहेत, मे महिन्यात बाथरूमची खिडकी उघडायची सोय नाही, त्यामुळे हे मला शिकवावं लागलं नाही.

सोलार फ्लेअर (सौर वादळ) आला की मात्र विजेवरचं सगळं बंद. त्यासाठी लाकडाचे पॅसिव्ह कूलर दोन-तीन बांधून ठेवते.

विद्युत_मंडल
अवांतर: ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड खेळणारं कोणी आहे का? त्यात हा वाद खेळानेच मिटवलाय. साधी बॅरेक्स केली तर मोराल प्लस १, लक्झरी केली तर प्लस २, प्रायव्हेट बेडरूम प्लस ३. आणि मेस हॉल प्लस ३, त्याचा ग्रेट हॉल केला तर प्लस ६. म्हणजे घोडबंदर_जाम यांचंच म्हणणं तिथे नियमात लिहिलेलं आहे. शिवाय त्यात घोरणारी माणसं आहेत, त्यांच्याजवळ झोपलेला उठतोच, म्हणून घोरणाऱ्याला एका टोकाला एकटा टाकावा लागतो.

सानपाडा_स्लो
घोरणाऱ्याला टोकाला टाकायची सोय रिअलमध्ये कधी येणार

घोडबंदर_जाम
ग्रेट हॉल प्लस ६! धन्यवाद, आता माझं म्हणणं दोन खेळांत सिद्ध झालंय.

मुठेकाठी
ड्वार्फ फोर्ट्रेस वाले कुठे गेले? तिथे सरदार लोक येतात आणि स्वतःच सांगतात की मला अमुक दर्जाची खोली पाहिजे, जेवायला वेगळी पाहिजे, थडगंसुद्धा पाहिजे. रिमवर्ल्डच्या रॉयल्टी या विस्तारात पण आलंय ते, पदवी मिळाली की सिंहासनाची खोली आणि मोठी बेडरूम मागतात, जमिनीला कुठली फरशी हवी तेही सांगतात. मी कोणालाच पदवी घेऊ देत नाही.

आकडेवाली_ऐरोली
मूळ मुद्द्यावर येऊ या. पारसिकपार, नऊ जणांचे स्वभाव सांगा बरं. खोलीचा आकार त्यावरही ठरतो.

पारसिकपार
स्वयंपाकीण ग्रीडी. शिकारी जेलस. एक म्हातारा अॅसेटिक. डॉक्टर नाइट आउल. बाकीच्यांचं काही विशेष नाही.

निशाचर_नेरुळ
ग्रीडी आणि जेलस एकाच वसाहतीत! देव तुमचं भलं करो.

आकडेवाली_ऐरोली
बरं मग ऐका. ग्रीडी माणसाला खोली चांगली नसेल तर जबर मायनस बसतं, त्यामुळे स्वयंपाकीणबाई बॅरेकमध्ये कशा काय इतके दिवस टिकल्या हेच नवल आहे, त्यांची खोली पहिली बांधा. जेलसवाल्याचं वेगळं. त्याला खोली केवढी याचं काही नाही, दुसऱ्या कोणाची त्याच्याहून बरी नको एवढंच. आता तुम्ही बाईंची खोली सजवली की शिकारी जळणार. म्हणून शिकाऱ्याची खोली बाईंच्या खोलीपेक्षा किंचित, अगदी किंचित सरस ठेवा. एक कुंडी जास्त.

आणि म्हाताऱ्याला काही देऊ नका. अॅसेटिकला साधीच खोली आवडते, सजवली तर उलट नाराज होतो. त्याला ती ३ बाय ३ द्या, निशाचरांची.

निशाचर_नेरुळ
बघा, शेवटी माझी ३ बाय ३ लागलीच कामाला.

खारी_बटर
जेलस माणसाला एक कुंडी जास्त. आमच्या सोसायटीत पार्किंगसाठी हाच तोडगा निघाला होता, एकाला खांबाच्या बाजूची जागा फूटभर रुंद मिळाली आणि चार वर्षं शांतता आहे.

बेलापूरकर_जुने
डॉक्टरांना नाइट आउल म्हणजे रात्री जागायची सवय ना? मग त्यांची खोली अंगणापासून दूर ठेवा. दिवसभर बाकीचे अंगणात वावरणार, त्यांची झोप कशी व्हायची.

पारसिकपार
काका तुम्ही हा खेळ घ्याच आता.

बेलापूरकर_जुने
भाचा म्हणतो त्यात माणसं मरतात. मला ते झेपायचं नाही. नकाशा तुम्ही पाठवा, मी बघून सांगतो.

तलावपाळी
एक छोटी गोष्ट राहिली. पलंगाच्या डोक्याशी एंड टेबल आणि खोलीत ड्रेसर ठेवला की झोपेतला आराम वाढतो, किंमत आणि सौंदर्यही वाढतं, सगळं एकात. एंड टेबल मात्र पलंगाच्या उशाला चिकटूनच पाहिजे, ड्रेसर जरा लांब असला तरी चालतो. हे सगळ्यांत स्वस्त अपग्रेड आहे आणि लोक पुतळ्यांच्या मागे लागून विसरतात.

घोडबंदर_जाम
आणि श्रीमंतीचा हिशेब विसरू नका. वसाहतीची एकूण किंमत वाढली की दरोडे मोठे होतात. इमारती आणि फरशा त्यात निम्म्याच धरतात हे खरं, त्यामुळे गोदामात चांदी साठवण्यापेक्षा ती भिंतीत घातलेली बरी, पण निम्म्या म्हणजे फुकट नव्हे. नऊ संगमरवरी खोल्या आणि दाराशी दोन धनुष्यबाणवाले असं करू नका.

पारसिकपार
तर आत्तापर्यंत असं ठरलंय. सहा खोल्या ४ बाय ४, ग्रॅनाइटच्या, तीन-तीनच्या दोन ओळी समोरासमोर, मध्ये अंगण. ओळीतल्या तिघी एकमेकींना चिकटून, म्हणजे ऊब राहील, पण मागची बाजू मोकळी, म्हणजे वाढवायचं तर मागे वाढवता येईल. आकडेवाली आणि काका दोघांचं अर्धं अर्धं ऐकलं. अंगणाच्या एका टोकाला हॉल, जेवण आणि खेळ एकत्र. म्हातारा डोंगराच्या कडेला ३ बाय ३ मध्ये, डॉक्टर त्याच्या शेजारी. स्वयंपाकीणबाईंची खोली कालच पूर्ण झाली, दोन पायऱ्या वर गेल्यात. शिकाऱ्याला कुंडी दिली, त्यात डेलिली लावलीय.

नऊ जण आणि आठच खोल्या का, तर बांधकामवाला आणि शेतीवाली यांचं जमलंय. वेगळं झोपायला लागलं की दोघं कुरकुरतात, म्हणून त्यांना डबल बेड दिला.

सानपाडा_स्लो
जोडप्याची खोली बॅरेक धरत नाहीत, बेडरूमच धरतात, बरं केलंत. पण त्यांचं फाटलं तर? माझ्याकडे लग्न झालेलं जोडपं चौथ्या वर्षी वेगळं झालं आणि तेव्हा एकही खोली शिल्लक नव्हती. मन तुटल्याचं दुःख आणि त्यात एक जण जमिनीवर.

निशाचर_नेरुळ
खोली कोणाला मिळाली?

सानपाडा_स्लो
तिला. खोली तिनेच बांधली होती, तो नुसता गाई बघायचा.

खारी_बटर
मग तो कुठे गेला?

सानपाडा_स्लो
पाहुण्यांच्या कैदखान्यातला एक पलंग काढून गोदामात टाकला त्याला. तिथे तांदूळ होते.

तलावपाळी
ओरडत नाहीत ते. बरी सोबत.

पारसिकपार
ठीकै, नववी खोली घेतो बांधायला. तोवर पाहुणे आले तर झोपतील तिथे. काका, रात्री नकाशा टाकतो, दार अंगणाकडे करू की मागे तेवढं सांगा.

बेलापूरकर_जुने
अंगणाकडेच करा. पण समोरासमोरची दारं एका रेषेत ठेवू नका, एक घर सरकवून करा. दार उघडलं की थेट दुसऱ्याच्या पलंगावर नजर जायला नको.

आकडेवाली_ऐरोली
काका, त्याचा मूडवर काही परिणाम होत नाही खेळात.

बेलापूरकर_जुने
असू दे हो. तरी सरकवाच.